मदत हवी आहे: लॅपटॉपची बॅटरी ढिली बसते, खटखट वाजते

मंडळी, जरा मदत हवीये. दोन आठवड्यांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला, म्हणजे जगासाठी जुना, माझ्यासाठी नवा. ऑफिसात देतात तसला काळा, जाडसर, मागून बॅटरी काढता येते असा. मुद्दाम तसाच घेतला कारण आधीच्याची बॅटरी आत होती आणि ती बदलायला अख्खा लॅपटॉप उघडावा लागला होता. तर आता ह्याची बॅटरी नीट बसत नाही. म्हणजे बसते, खट्ट आवाजही येतो, पण बोटाने हलवली की मिलिमीटरभर हलते आणि ती मोठी सहा सेलवाली असल्याने खाली कुबडासारखी येते, सगळा लॅपटॉप तिच्यावरच टेकतो, त्यामुळे टाइप करताना सारखं खटखट खटखट. घरचे विचारतात टाइपरायटर घेतलास का. दुकानदार म्हणतो "मॅडम, एवढा प्ले सगळ्यांनाच असतो," म्हणजे एवढी ढिलाई. खरंच असतो का, की मला गुंडाळतोय? सहा महिन्यांची वॉरंटी आहे, पण आता वाटतंय सरळ फटीत कागदाची घडी घालून टाकावी.

प्रतिसाद:
ताई, खालच्या बाजूला दोन खटके असतील बघा. एक स्प्रिंगचा, सोडला की आपोआप परत येतो. दुसरा जिथे सरकवाल तिथेच राहतो, ते लॉक. ते लावलंय का? दुकानदार अगदीच खोटं बोलत नाहीये, काढता येणाऱ्या बॅटरीला थोडी फट ठेवावीच लागते नाहीतर ती निघणार कशी. हलली तर हलू दे, हलल्यावर कनेक्शन तुटतंय का ते बघायचं. काम सेव्ह करा, चार्जर काढा आणि चालू लॅपटॉपवर बॅटरी हलवून बघा. बंद पडला तर सरळ परत करा.

धागाकर्ती:
अरे देवा, लॉक लावलेलंच नव्हतं :( मला वाटलं दोन्ही खटके एकच काम करतात. आता आवाज निम्मा झाला, पण निम्मा आहेच. हलवून बघितलं, बंद पडत नाही. म्हणजे ठीक ना?

प्रतिसाद:
थांबा, ठीक म्हणू नका एवढ्यात. असल्या काही मॉडेलांत आत अजून एक छोटी बॅटरी असते, चालू लॅपटॉपवर बाहेरची बदलता यावी म्हणून. तशी असेल तर बाहेरचीचं कनेक्शन तुटलं तरी लॅपटॉप आतलीवर चालत राहणार आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. बाहेरची पूर्ण काढून बघा (सेव्ह करून!), चालूच राहिला तर आत दुसरी आहे. मग ती परत लावा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट एवढं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. एचटीएमएल फाइल तयार होते, कुठे सेव्ह झाली तेही तिथेच दिसतं. तिच्यात दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या दिसतील. डिझाइन कपॅसिटी (नवी असताना किती साठवायची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता किती साठवते) हे दोन आकडे इथे टाका.

आणि ती कागदाची घडी विसरा. चुकीच्या बाजूने दाब आला तर पिना वाकतात, शिवाय दुकानदार तेवढंच बोट दाखवून वॉरंटी नाकारेल.

प्रतिसाद:
बॅटरी काढून ओट्यावर सपाट ठेवा. डगमगली तर फुगलीये का बघा. फुगलेली असेल तर दाबायची नाही, लावायची नाही, चार्ज तर बिलकुल नाही.

धागाकर्ती:
ओट्यावर सपाट बसते, हुश्श. आणि आत खरंच दुसरी बॅटरी निघाली! आतली: डिझाइन २४०००च्या आसपास, फुल चार्ज १९०००. बाहेरची: डिझाइन ४७५२०, फुल चार्जही ४७५२०. म्हणजे बाहेरची एकदम नवी ना? पण लेबलवर तर ७२ वॉट-अवर छापलंय.

प्रतिसाद:
हे आकडे मिलिवॉट-अवर असतात, हजार झाले की एक वॉट-अवर, म्हणजे तुमची बॅटरी साधारण ४८ची आहे, ७२ची नाही. १०.८ व्होल्ट गुणिले ४.४ अँपिअर-अवर करा, बरोब्बर ४७.५२ येतं. म्हणजे आत २२०० एमएएचचे साधे सहा सेल घातलेत आणि वर लेबल मोठं. ही कंपनीची नाही, कंपॅटिबल आहे, म्हणजे याला बसेल अशी दुसऱ्याच कुणी बनवलेली. हलण्याचं कारणही तेच असणार, बाहेरच्या केसचा साचा जरा इकडेतिकडे. लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर-ने सुरू होणारा नंबर आहे का तेही बघा, भारतात विकायच्या लिथियम बॅटरीला तो लागतो. आता दुकानात जाऊन हलते हलते करू नका, रिपोर्ट आणि लेबलचा फोटो शेजारी शेजारी ठेवा.

धागाकर्ती (अपडेट):
शिक्का नव्हता. काल जाऊन आले. प्ले-बिले काही ऐकवलं नाही त्याने, फोटो बघितले, आत गेला आणि दुसरी बॅटरी घेऊन आला. कंपनीची पण वापरलेली, लेबल ७२चं, रिपोर्टमध्ये डिझाइनही ७२०००च्या जवळपास, फुल चार्ज ५८०००. जुनी असूनही आधीच्या "नव्या"पेक्षा जास्त! अगदी किंचित हलते अजून, पण टाइप करताना आवाज नाही. लॉकवाल्या दादांचे आणि रिपोर्टवाल्यांचे खूप आभार. आता एकच, आतली १९०००ची बॅटरी बदलून घ्यावी की चालू दे?