फोन वाजेपर्यंत: फुफ्फुसाच्या वेटिंगवर असताना घरी काय काय होतं?

फुफ्फुस बदलायच्या ऑपरेशनसाठी (ट्रान्सप्लांट) माझं नाव लिस्टवर लागून आठ महिने झाले. आयएलडी नावाचा फुफ्फुसाचा आजार आहे, फुफ्फुसं कडक होत जातात, पिरफेनिडोन या औषधाने फक्त वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही. डॉक्टर रिपोर्टचं सगळं सांगतात पण घरात दिवस कसा काढायचा ते कोणी सांगत नाही, म्हणून हा धागा. पेशंट, घरचे, सगळ्यांनी लिहा. माझ्यापासून सुरुवात. ऑक्सिजनची पंधरा मीटरची नळी ओढत घरभर फिरते, दाराखाली अडकली की नाकालाच हिसका. नातू तीन वर्षांचा, मुद्दाम नळीवर पाय ठेवून म्हणतो "आज्जी स्टॅच्यू"!

*

बाबांना हाच आजार कबुतरांमुळे झाला. वीस वर्षं गॅलरीत दाणे टाकायचे, आता गॅलरीला जाळी आणि बाबा आत. आमच्याकडे लाइट गेली की कॉन्सन्ट्रेटर (ऑक्सिजनचं मशीन) कोकलायला लागतो, इन्व्हर्टर तासभर टिकतो, मग सिलेंडर. एकदा रात्री अंधारात सिलेंडर उघडायचा पानाच सापडेना, बाबांचं ऑक्सिजन 78 वर आणि मी स्वयंपाकघरातले ड्रॉवर उपसतोय. तेव्हापासून पाना सुतळीने सिलेंडरच्या गळ्यातच बांधलाय.

*

मला एकदा फुफ्फुस मिळतंय म्हणून हॉस्पिटलचा कॉल आलेला. रात्री दोनला, काही खाऊ नका आणि निघा. फुफ्फुस काढल्यावर सहा-आठ तासांत बसवावं लागतं त्यामुळे विचार करायला वेळच नसतो, आईने देवापुढे साखर ठेवली आणि निघालो. रक्तगट जुळला होता, छातीचं मापपण, अंघोळ घालून गाऊन चढवला आणि सकाळी नऊला सांगितलं की तपासणीत ती फुफ्फुसं चांगली निघाली नाहीत. राग कोणावर काढणार? फुफ्फुसं देणाऱ्याच्या घरात तर माणूस गेलेलं. खाली येऊन दोन प्लेट इडली खाल्ली, सडकून भूक लागली होती.

*

आम्ही मूळचे साताऱ्याचे, नाव पुण्यात लावलंय म्हणून हॉस्पिटलजवळ खोली घेतली. भाडं दोन्हीकडे. मिस्टरांचं वजन 41, डॉक्टर म्हणतात वाढवा नाहीतर ऑपरेशन झेपणार नाही, पण चार घास खाल्ले की धाप लागते. कोणाला काही जमलंय का?

*

सातारा ताई, थोडं थोडं सहा वेळा द्या, आणि जेवताना नळी काढायची नाही, माझं त्यानेच जमलं. शेंगदाण्याचा लाडू चालतो. आणि ती सुतळीची आयडिया मी आजच केली, नातवाच्या हाताला लागणार नाही एवढी उंच बांधलीये.