आईचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. रेडिएशनआधी कोणत्या क्रमाने काय करायचं?

खाडीपल्याड (गुहागर तालुका)

आईचं वय 56, वजन 52 किलो. डाव्या गालातली गाठ, खालच्या जबड्याच्या हाडाची कड आणि मानेतल्या गाठी काढल्यात. छातीवरचा फ्लॅप (कातडी-स्नायूचा तुकडा) फिरवून गाल भरलाय. दोन आठवडे झाले, मानेचे टाके निघालेत. नाकातल्या नळीतून पेज, मुगाचं पाणी आणि शहाळं देतोय, तरी वजन उतरतंय. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. 30 रेडिएशन सांगितलीत आणि आधी दात दाखवायला सांगितलंय. डावीकडच्या खालच्या दोन दाढा हलतात, पण घरचे म्हणतात जखम भरू दे, दात मागाहून बघू. मिसरीची सवय जुनी. आता बंद आहे, पण मागते.

दंतवैद्य, चिपळूण

दात मागाहून नकोत, आधीच. रेडिएशनने जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात. मग दाढ काढली तर खड्डा भरत नाही, हाड उघडं पडून कुजतं, आणि हा धोका जन्मभर राहतो. खालच्या जबड्याला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यात तुमच्या आईच्या हाडाची कड कापलेली आहे.

दिवस उलटे मोजा. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. दाढ काढल्यावर खड्डा वरून बंद व्हायला किमान 10 ते 14 दिवस लागतात. म्हणजे दाढा याच आठवड्यात, फार तर पुढच्या. ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे काढा आणि सर्जनकडून लेखी घ्या की हाड किती उरलंय आणि दाढा काढायला हरकत नाही. उरलेलं हाड पातळ असेल तर जोर लागून मोडू शकतं. दोन बोटं उघडणाऱ्या तोंडात मागची दाढ काढणं सोपं नाही. साध्या दवाखान्यात न जाता डेंटल कॉलेज किंवा मोठ्या रुग्णालयाचा दंतविभाग गाठा.

उरलेल्या दातांना फ्लोराइड लावून घ्या. रेडिएशनने लाळ आटते आणि दात हिरडीलगत भराभर किडतात.

मिसरी चिमूटभरही नको. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, फ्लॅपच्या कडा सुटतात, आणि तंबाखू चालू असेल तर रेडिएशनचा गुण कमी येतो. तलफ फारच असेल तर कातडीवर लावायच्या निकोटीनच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा.

आहारतज्ज्ञ, रत्नागिरी

वजन उतरण्याचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. पेज, मुगाचं पाणी, शहाळं, तिन्ही बहुतेक पाणीच. 52 किलोला दिवसाला साधारण 1600 ते 1800 उष्मांक आणि 62 ते 78 ग्रॅम प्रथिनं लागतात.

एक फीड असं करा: 200 मिली दूध, दोन मोठे चमचे दूध पावडर, दोन छोटे चमचे नाचणीचं सत्त्व शिजवून, दोन छोटे चमचे साखर, एक छोटा चमचा तेल. यातून 300 च्या आसपास उष्मांक आणि 10 ग्रॅमच्या वर प्रथिनं जातात. दिवसात अशी सहा. मधल्या वेळी मूगडाळ आणि पूर्ण उकडलेलं अंडं मिक्सरमधून काढून, गाळून द्या. मधुमेह असेल तर साखर वगळा आणि डॉक्टरांना विचारा. शहाळं तहानेपुरतं ठेवा.

नाचणी गार होताना घट्ट होते आणि नळी तुंबण्याचं हे नेहमीचं कारण. पातळ करा, मलमलच्या फडक्यातून गाळा, कोमट द्या. 50 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून फीड आपोआप उतरू द्या, 15 ते 20 मिनिटं लागली पाहिजेत. घाईने ढकललं की उलटी नाहीतर जुलाब. आईला बसवून द्या आणि नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. आधी आणि नंतर 30 मिली पाणी. नाकाशी नळीवर पेनाने खूण करा; खूण सरकलेली दिसली तर काहीही घालू नका. नळी निघाली तर घरी परत घालायची नाही, आत ताजे टाके आहेत.

खाडीपल्याड

तोंडाने सुरू झाल्यावर मासे चालतील का? सोलकढी मागते.

आहारतज्ज्ञ, रत्नागिरी

सर्जनने गिळायची परवानगी दिल्यावर मासे जरूर द्या. मोरी उकडून कुस्करून, काटा नसतो. तिखट आणि तिरफळ नको. सोलकढी मात्र रेडिएशन संपून तोंड बरं होईपर्यंत थांबवा, कोकमाच्या आंबटाने सोललेलं तोंड भाजतं.

फिजिओथेरपिस्ट, सावंतवाडी

तोंड उघडायचा व्यायाम सर्जनची परवानगी मिळाल्याच्या दिवसापासून. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये ठेवायच्या, ताण जाणवेल इतक्याच. 30 सेकंद धरून सोडायचं, असं पाच वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवा. काड्यांची जागा उजवीकडच्या घट्ट दातांवर, हलत्या दाढांवर नको. रेडिएशन चालू असताना दुखतं म्हणून सोडलं तर स्नायू आखडतात आणि ते पुन्हा सैल होणं फार अवघड. मानेच्या ऑपरेशनमुळे डावा खांदा पडलाय का तेही बघा. त्या हाताने कळशी उचलायची नाही.

रेडिओथेरपी तंत्रज्ञ

रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून मास्क बनवतात, तो चेहऱ्यावर घट्ट बसवून सीटी काढतात, मग नियोजनाला आठवडाभर जाऊ शकतो. तेव्हा दाढा काढल्या की खड्डा भरेपर्यंत न थांबता मास्कची तारीख मागून ठेवा. नथ, कुड्या, मंगळसूत्र आधीच काढा. एरवीही गळ्यात घट्ट काही नको, फ्लॅपची रक्तवाहिनी गळपट्टीच्या हाडावरून वर जाते. मास्क झाल्यावर वजन घटलं तर तो सैल होतो आणि नेम चुकतो, मग नियोजन पुन्हा करावं लागतं.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी विचारा: कापलेल्या कडांना रोग उरलाय का, आणि मानेतल्या गाठीचं आवरण फुटून रोग बाहेर आलाय का. यातलं काही असेल तर बहुधा सोबत सिस्प्लाटिन हे केमोचं औषध देतात. मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी रक्ततपासणी) आणि कानांची तपासणी आधी.

सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. मध्ये खाडे पडले तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. म्हणून आंबा घाट ओलांडून रोज कोल्हापूर करू नका. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात जवळची तारीख मिळते का ते आधी विचारा. टाटाचं खारघर किंवा परळचं रुग्णालय ठरलं तर तिथेच राहायची सोय बघा. रेल्वेचा कॅन्सर सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून मिळतो. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत. महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर रेडिएशनची मंजुरी वेगळी लागते, रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच जा.

मानेतून लाळेसारखं पाणी झिरपलं, रक्त आलं, ताप 100.4 च्या वर गेला किंवा श्वास लागला तर तारखेची वाट न पाहता सर्जनकडे.