भावाने सेसना १५२ मध्ये पेन तरंगवलंय, इन्स्ट्रक्टरला सांगू का?

येरळाकाठ (विटा)
धाकटा भाऊ बाहेरच्या राज्यात सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) करतोय, १२० तास उडवून झालेत, सेसना १५२ या शिकायच्या छोट्या विमानात. वडिलांचा गलाईचा (सोनं-चांदी गाळायचा) धंदा, त्यातनं कर्ज काढून पाठवलाय. काल रात्री त्याने फक्त मला एक व्हिडिओ पाठवला. एकटाच सोलोला गेलेला, नाक वर घेतलं आणि एकदम खाली ढकललं, तर पेन उचललं गेलं आणि त्याच्या तोंडासमोर तरंगतंय, बेल्टचं टोक पण वर आलंय, आणि इंजिन मधेच खोकल्यासारखं करतंय. खाली लिहिलंय, पुढच्या आठवड्यात रोल मारणार. आईला दाखवलं नाही अजून. मला विमानातलं काही कळत नाही, हे खरंच धोक्याचं आहे का मीच उगाच घाबरलोय? आणि इन्स्ट्रक्टरला सांगितलं तर पोराचं करिअर जाईल का?

टेलविंड (मिरज)
मी शिकवायचो आधी. घाबरलायत ते बरोबरच आहे. नुसतं पेन तरंगण्याने पंख तुटत नाही, पण त्या विमानात पेट्रोल टाकीतनं आपल्या वजनानं खाली येतं, म्हणून इंजिन खोकलं. खरी भीती रोलची आहे, म्हणजे विमान उलटं करत पूर्ण गोल फिरवायचं. साध्या १५२ ला रोल आणि लूपची (उभ्या गोल कोलांटीची) परवानगीच नाही, त्यासाठी एरोबॅट नावाचं वेगळं मॉडेल येतं, ते ६ जी पर्यंत, म्हणजे वजनाच्या सहापट भारापर्यंत धरलेलं असतं आणि साधं ४.४ पर्यंत. नवखा पोरगा उलटा झाला की नाक खाली पडतं, समोर जमीन दिसते आणि हात आपोआप कंट्रोल मागं ओढतो. स्पीड तोवर झपाट्याने वाढलेला असतो, लाल रेघ, म्हणजे कधीच ओलांडायचा नाही तो स्पीड, १४९ नॉटला आहे, आणि अशा वेळी जोरात ओढलं की सगळा भार पंखांवर. हळू स्पीडला चुकलं तर स्पिन, म्हणजे विमान गरगरत खाली येतं, आणि एका फेऱ्याच्या स्पिनमधनं बाहेर पडायलाच हजारभर फूट जातात. संजय गांधी २३ जून १९८० ला गेले ते पिट्समध्ये, ते तर कसरतीसाठीच बनवलेलं विमान, सोबत अनुभवी कॅप्टन होते, तरी उंची पुरली नाही. त्याला आवड असेल तर एरोबॅटिक विमानात, शिकवणारा शेजारी बसवून, पॅराशूट बांधून शिकू दे, मी स्वतः तसंच शिकलो आणि तो आनंद मला माहीत आहे. करिअरचं म्हणाल तर स्वतःहून सांगितलेलं आणि पकडलं गेलेलं यात फार फरक पडतो.

आपशिंगेकर
हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, विमानाचा सांगाडा बघायचो. माझी काळजी वेगळी आहे दादा. फायटरला जी-मीटर असतो, जास्त ताण बसला की आकडा दिसतो, मग आम्ही पॅनेल उघडायचो, टॉर्च आडवा धरून पत्र्यावर सुरकुती बघायचो. रिव्हेट ढिला झाला की त्याच्या मागं बारीक काळा ओघळ येतो, बोट फिरवलं की बोट काळं होतं. साध्या १५२ ला जी-मीटरच नसतो, त्यामुळं पोरानं किती ओढलं हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तो गप्प बसला तर स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहिला जात नाही, आणि त्याच विमानात दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं लेकरू बसतं. त्याला एकच विचारा, व्हिडिओ संपल्यावर विमान सरळ करताना किती जोरात ओढलंस.

येरळाकाठ (विटा)
काका, तुमचं वाचून लगेच फोन केला. आधी लय चिडला, मग बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ओढताना डोळ्यांपुढं करडं झालेलं आणि पंखाकडनं कट्ट असा आवाज आला होता, त्याने कुणाला सांगितलं नाही. उद्या सकाळी पहिल्या स्लॉटला त्याच विमानात एका मुलीचा पहिला सोलो लावलाय. मी म्हटलं फोन ठेव आणि आत्ताच्या आत्ता इन्स्ट्रक्टरला उठव.

येरळाकाठ (विटा)
अपडेट: रात्रीच सांगितलं त्याने. विमान हँगरमध्ये घेतलंय, एएमई (विमानाची देखभाल करणारे इंजिनिअर) पंखाची पॅनेल उघडतायत. याचं फ्लाइंग सध्या बंद आहे. आईला मी आज सगळं सांगितलं.