जन्मताना ३०० हाडं, मग मोठेपणी २०६च कशी?

सातवीची_आई: लेकाने काल जेवताना विचारलं की बाळाला ३००च्या आसपास हाडं असतात मग आपल्याला २०६च का, बाकीची गेली कुठे? मला काही सांगताच येईना 😅

हाडाचा_मास्तर: कुठे जात नाहीत हो, जुळतात एकमेकांना. बाळाच्या टाळूवर तेल घालतो ना, तिथे मऊ लागतं कारण कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. कमरेखालचे ५ मणके पण मोठेपणी जुळून एकच हाड होतं, आणि बाळाची बरीचशी हाडं आधी कूर्चाच असतात, कानाच्या वरच्या भागासारखी लवचिक, मग हळूहळू त्यात कॅल्शियम भरत जातं.

चहाबाज: म्हणजे हाड जिवंत असतं?? मला वाटायचं भिंतीसारखं नुसतं आधाराला

हाडाचा_मास्तर: जिवंत तर, नाहीतर प्लास्टरमध्ये जुळलं असतं का? बाहेरून टणक, टोकांना आत स्पंजसारखी जाळी, म्हणून मजबूत असूनही वजनाला हलकं. आतल्या लाल मज्जेत रक्तपेशी तयार होतात. आणि शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांतच, रक्तात कमी पडलं की तिथूनच काढलं जातं, बँकेतल्या एफडीसारखं.

चहाबाज: आणि एफडी मोडत राहिलो की म्हातारपणी ठिसूळ 😬

सातवीची_आई: टाळूचं उदाहरण लगेच पटलं त्याला, आता धाकटीचं डोकं चाचपत बसलाय