'सहकार', 'सहकार्य' की 'मदत'? देशादेशांतल्या व्यवहाराला काय म्हणावं?

प्रश्न (खानापूर)

मी हायस्कूलला मराठी शिकवते. यंदा वक्तृत्वाला 'बदलत्या जगातील आंतरराष्ट्रीय सहकार्याची नीती' हा विषय दिलाय. बऱ्याच मुलांनी वहीत 'आंतरराष्ट्रीय सहकार' लिहिलंय. कारण उघड आहे. कन्नडात 'सहकार' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो आणि 'दयविट्टु सहकरिसि' (कृपया सहकार्य करा) हे मुलांच्या कानावर सारखं पडतं. ते मी दुरुस्त करत गेले. पण एका मुलीनं विचारलं, "बाई, आपण परदेशी कोरोनाची लस पाठवली ती मदत का सहकार्य? आणि पैसे घेऊन दिली असली तर?" याचं उत्तर मला घाईघाईनं द्यायचं नाही. जाणकारांनी सांगावं.

उत्तर (निपाणी)

बाई, निबंधात 'सहकार्य'च बरोबर. मराठीत 'सहकार' म्हटलं की सोसायटी, दूध संघ, साखर कारखाना हेच डोळ्यापुढं येतं. पण मुलांचा शब्द नुसता खोडून टाकू नका, त्यात मोठा विचार आहे. आपल्या या उत्तर कर्नाटकातच, गदगजवळच्या कणगिनहाळला १९०५ साली शेतकऱ्यांची पतसंस्था निघाली, ती देशातली पहिली मानतात. सहकाराचा पाया एकच: शेअर कितीही असोत, एका सभासदाला एक मत.

आता हे माप देशांना लावून बघा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एका देशाला एक मत आहे, पण सुरक्षा परिषदेत पाच देशांकडे नकाराधिकार. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत तर मतं मुख्यतः भांडवलाच्या वाट्यावर ठरतात. तिथं मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे ती एकटी निर्णय अडवू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत सगळे देश सार्वभौम म्हणून समान आहेत असं लिहिलंय, तरी व्यवहार असा. माझ्या मते मुलांनी लिहिलेला 'आंतरराष्ट्रीय सहकार' अजून जगात यायचाय, आणि तो यावा म्हणून भांडलं पाहिजे.

'मदत' हा शब्द वेगळा. ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते. १९६५ नंतरच्या दुष्काळात अमेरिकेचा पी.एल. ४८० चा (त्यांच्या अन्नमदतीच्या कायद्याखालचा) गहू आपल्याला महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडला जायचा, शेतीधोरण बदला म्हणून दाब होता आणि व्हिएतनामबद्दल आपण काय बोलतो यावरही नजर होती. भुकेल्या माणसाच्या ताटावर अशी नजर ठेवणं मला आजही अनीतीचंच वाटतं. २०२५ च्या जुलैत अमेरिकेनं 'यूएसएड' ही आपली मदतसंस्थाच बंद केली. दवाखाने आणि औषधं तिच्यावर अवलंबून असलेल्या देशांना त्यावर मत देण्याची सोय कुठं होती?

लसीबद्दल: जानेवारी २०२१ पासून आपण पाठवलेल्यांतल्या काही भेट होत्या, काही विकत दिलेल्या, काही 'कोव्हॅक्स' या देशादेशांत लस वाटणाऱ्या जागतिक योजनेमार्फत. भेट दिली ती मदत, विकली तो व्यापार. दुसरी लाट आली तशी निर्यात जवळजवळ थांबली. ते घरच्या गरजेनं झालं हे खरं, पण आपल्या भरवशावर बसलेल्या देशांची अडचणही तितकीच खरी. 'सहकार्य' मी त्याआधीच्या एका मागणीला म्हणेन. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेनं जागतिक व्यापार संघटनेत मांडलं की, साथ संपेपर्यंत लस-औषधांवरचे पेटंटचे हक्क बाजूला ठेवा, म्हणजे ज्याला जमेल तो बनवील. जून २०२२ मध्ये निर्णय झाला तो फक्त लसींच्या पेटंटपुरता. तोवर किती माणसं गेली!

उत्तर (बेळगाव तालुका)

आम्ही रोप लावणीला 'पैरा' करतो. आज आमची माणसं तुमच्या शेतात, उद्या तुमची आमच्यात. शेजारचे कन्नड शेतकरी त्यालाच 'मुय्याळु' म्हणतात. पैरा फेडावा लागतो, पण त्यात कुणी उपकारकर्ता नसतो. मात्र दोन्ही घरांत राबणारे हात असले तरच तो चालतो. तेव्हा निपाणीकर दादा, एक मत पुरेसं नाही. ज्याच्याकडे हातच नाहीत त्याचं काय?

उत्तर (चिकोडी)

वरच्या प्रश्नातून पुढचा शब्द निघतो: 'भरपाई'. इकडं 'सहकार्य' हा शब्दच अडचणीचा होतो. हवामानबदलानं बुडणाऱ्या देशांसाठी २०२२ साली इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत हानी-नुकसानीचा निधी ठरला, २०२३ साली दुबईच्या परिषदेत तो सुरू करायचा निर्णय झाला. त्या ठरावातच लिहिलंय की हे सगळं सहकार्यावर आधारलेलं आहे, यात उत्तरदायित्व किंवा भरपाई येत नाही. म्हणजे धूर ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं सोडला त्यांनी 'सहकार्य' म्हणून हात सोडवून घेतला. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-दूधगंगेचं पाणी बघितलेल्या आम्हा लोकांना मदत आणि देणं यांतला फरक शिकवावा लागत नाही. देणं असेल तिथं मुलांनी 'भरपाई'च लिहावं. सौम्य शब्द वापरून दुसऱ्याचा हक्क कमी करू नये.

पुन्हा प्रश्न (खानापूर)

सगळ्यांचे आभार. 'भरपाई'साठी काही मुलं 'परिहार' लिहितात. सरकारी कन्नड कागदात तसंच असतं. ते चालेल का?

उत्तर (चिकोडी)

बोलताना आम्हीही 'पुराचा परिहार मिळाला' म्हणतो. पण बाई, लिहिताना नको. मराठीत परिहार म्हणजे निरसन: शंकेचा परिहार, श्रमपरिहार. आणि कन्नडात त्या एकाच शब्दात तातडीची मदत आणि नुकसानभरपाई दोन्ही येतात, जो फरक मुलांनी या विषयात दाखवायला हवा.