‘बळी’ म्हणावं का? शोआ, वंशसंहार, बघे : शब्द हवे आहेत

मीठभाकर :
ठाण्याची माझी एक बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) मैत्रीण त्यांच्यातल्या तेरा ते सतरा वयाच्या मुलांचा रविवारचा वर्ग घेते. यंदा योम हाशोआसाठी (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीचा, म्हणजे शोआ किंवा होलोकॉस्टचा, स्मरणदिन; हिब्रू पंचांगातली निसान २७, आपल्याकडे एप्रिल-मेच्या सुमारास) तिनं इंग्रजीत टिपण केलंय. मुलांना इंग्रजी पुरतं, पण घरी आजी-आजोबांशी यावर बोलून यायचा गृहपाठ आहे. म्हणून मराठी करून देतेय.
अडले ते असं. ‘होलोकॉस्ट’ला मी ‘वंशसंहार’ लिहिलं, तिनं काट मारली : “तो जेनोसाइडला राखून ठेव.” शिवाय व्हिक्टिम, बायस्टँडर, प्रेज्युडिस. आणि ‘रिमेंबर’! ‘साठ लाख ज्यूंना आठवा’ असं लिहिलं तर तिचा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, “मी तेव्हा नव्हतोच, मला कसं आठवेल?”

उंबरठा :
मैत्रीण बरोबर आहे. जेनोसाइड हा कायद्याचा शब्द आहे. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलानं ग्रीक ‘वंश’ आणि लॅटिन ‘हत्या’ जोडून तो घडवला आणि १९४४च्या पुस्तकात मांडला. ९ डिसेंबर १९४८ला संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. त्यात एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्ण वा अंशतः नष्ट करण्याचा *हेतू* हा कळीचा मुद्दा आहे. म्हणून वंशसंहार ठीक. पेपरवाले सरसकट ‘नरसंहार’ लिहितात, पण त्यात माणसं मारली एवढंच कळतं, कुणाला वेचून मारलं ते नाही.

जुनी वही :
आणि ‘होलोकॉस्ट’ तसाच ठेवू नका. मूळ ग्रीक अर्थ ‘संपूर्ण जाळलेलं’. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात वेदीवर पूर्ण जाळायच्या अर्पणाला हा शब्द वापरलाय. म्हणजे देवाला वाहिलेला होम! आउश्वित्झ या नाझी छावणीत सुमारे ११ लाख माणसं मारली, त्यांतले जवळपास १० लाख ज्यू. ते कुणी कुणाला वाहिले होते? म्हणूनच अनेक ज्यू ‘शोआ’ म्हणतात : अरिष्ट, विध्वंस. यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणारे ‘खुर्बन’ म्हणत, जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्यालाही तोच शब्द.
आता आपल्या ‘बळी’कडे बघा. नेमकी तीच गोची! बळी म्हणजे यज्ञात दिलेला. ‘शोआचे बळी’ लिहिलंत की दारातून हाकललेला होम खिडकीतून परत आला. ‘आहुती’, ‘अग्निकुंड’ हे तर अजिबातच नको.

गावठी :
एवढा कीस? ‘घाटात अपघात, पाच बळी’ वाचताना कुणाच्या डोळ्यांपुढे यज्ञ येतो? शब्द झिजतात.

जुनी वही :
झिजतात, मान्य. पण अपघातात मारणारा नसतो, म्हणून तिथे ‘बळी’ खपतो. इथे मारणारा होता. त्याच्याकडे याद्या होत्या, रेल्वेची वेळापत्रकं होती, आणि शब्दही होते : हत्येला ‘विशेष वागणूक’, छळछावणीकडे नेण्याला ‘स्थलांतर’, सगळ्यालाच मिळून ‘अंतिम तोडगा’. हे कागदावरचे शब्द पोरांना ओळखता यावेत म्हणूनच तर वर्ग आहे ना? ‘साठ लाख ज्यू मरण पावले’ हे वाक्य व्याकरणात शुद्ध आहे आणि तरी खोटं आहे. ‘नाझींनी आणि त्यांच्या साथीदारांनी साठ लाख ज्यूंना मारलं’ असं लिहा. कर्ता गाळू नका.

लोदकर :
इस्राएलहून लिहितोय, घरी अजून मराठीच. गंमत म्हणजे हिब्रूतही ‘कोर्बान’ म्हणजे अर्पणही आणि व्हिक्टिमही, म्हणजे तुमचा बळीच. पण शोआत मारल्या गेलेल्यांना आम्ही बहुधा ‘निस्पीम’ म्हणतो, नाश पावलेले. त्यातही कर्ता नाही, हे आत्ता लक्षात आलं!
‘आठवा’बद्दल. तोरामध्ये (बायबलचे पहिले पाच ग्रंथ) ‘झाखोर’, म्हणजे आठवण ठेव, ही आज्ञा आहे. मराठीत ‘मला आठवतं’ यात मी काही करतच नाही, आठवण आपली आपण येते. तुमच्या मैत्रिणीचा मुलगा तेवढ्यापुरता बरोबर बोलला. ‘आठवण ठेव’ म्हटलं की काम त्याच्यावर येतं. न पाहिलेल्याची आठवण ठेवता येते. पेसाहच्या (मिसर म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटल्याचा सण) रात्री आपण तेच करतो : प्रत्येक पिढीत प्रत्येकानं स्वतःकडे असं पाहावं, जणू आपणच मिसरातून बाहेर पडलो. त्या रात्री वाचायची पोथी ती हाग्गादा, म्हणजेच मुळात ‘सांगणं’. १८४६ला मुंबईत आणि १८७४ला पुण्यात ती मराठी भाषांतरासह छापली गेली. आजीच्या घरात जुनी प्रत असेल तर तिच्यातलं क्रियापद बघा आणि इथे कळवा.

उंबरठा :
वा! हे सुचलंच नसतं. प्रेज्युडिसला सरळ ‘पूर्वग्रह’. आधीच धरून बसलेलं, ‘ग्रह’मध्ये पकड आहेच. पण ज्यूंबद्दलच्या वाक्यात ‘ज्यूद्वेष’ लिहा. ‘सेमेटिकविरोध’ नको. ‘अँटिसेमिटिझम’चा प्रसार १८७९च्या सुमारास विल्हेल्म मार या ज्यूद्वेष्ट्यानंच केला. जुन्या द्वेषाला शास्त्रीय वास यावा म्हणून. त्याचा शब्द आपण कशाला घासूनपुसून ठेवायचा?

लोदकर :
पूर्वग्रहाचं उदाहरण घरातलंही द्यायला सांगा. १९६२ला इथल्या मुख्य रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) फतवा काढला की बेने इस्राएलांची लग्नं लावण्यापूर्वी त्यांची वंशावळ तपासा. माणसं दोन वर्षं भांडली, जेरुसलेमात धरणं धरलं. १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटनं (इथल्या संसदेनं) आमच्या बाजूनं ठराव केला, मग रब्बींनी पाऊल मागे घेतलं. शोआशी याची तुलना नाहीच. पण ठाण्याच्या मुलांना ‘पूर्वग्रह’ हा शब्द आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळेल.

गावठी :
बायस्टँडर राहिला. मराठीत तयार आहे : बघ्या! अपघाताभोवती जमतात ते. ‘तटस्थ’ फार सभ्य वाटतो, जणू विचार करून घेतलेली भूमिका.

जुनी वही :
बघ्या पक्का. कीस काढण्यावरून बोलणाऱ्यानंच सगळ्यात चांगला शब्द दिला. :) तोरातल्या लेवीय १९:१६मध्ये शेजाऱ्याच्या जिवावर बेतलं असताना नुसता उभा राहू नकोस अशी आज्ञा आहे, तोच हा नुसता उभा राहणारा.

मीठभाकर :
आणि त्याच्या उलट? टिपणात ‘अपस्टँडर’ आहे. ‘रक्षणकर्ता’ लिहिलं होतं, पण तो पौराणिक मालिकेतला वाटतो.

गावठी :
‘मध्ये पडणारा’.

मीठभाकर :
हे मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, आमच्याकडे सगळ्या पोरांना लहानपणापासून एकच ऐकवलेलं असतं : “तू मध्ये पडू नकोस.” तेच वाक्य फळ्यावर लिहून तास सुरू करणार आहे. शीर्षकात ‘शोआ’, आत एकदा कंसात ‘होलोकॉस्ट’, बळी सगळीकडून काढला. ‘आठवण ठेवा’ घेतलं. हाग्गादा सापडली, पण वाळवी लागलीय आणि नेमकं ते पान चिकटलंय. सुटलं तर कळवते.

लोदकर :
ओढू नका हं. पान सुटत नसेल तर राहू दे, फोटो टाका.