बदली ड्रायव्हरचं काय?

या चर्चेत एकांनी लिहिलंय की दिव्यांगांना नेणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी म्हणजे गरीब ड्रायव्हरवर अविश्वास. मला ते पटत नाही. माझा धाकटा भाऊ मतिमंद आहे, बोलणं अगदी मोजकं. कोथरूडहून रोज व्हॅनने कार्यशाळेत जातो. वाटेत काही झालं तर तो घरी येऊन सांगू शकणार नाही, एवढं एकच कारण मला पुरे आहे.

केंद्राच्या 2020 च्या नियमावलीत अ‍ॅपवरच्या टॅक्सीचालकांसाठी मागच्या 7 वर्षांची अट होती: दारू पिऊन गाडी चालवणं, लैंगिक गुन्हे, फसवणूक यांत शिक्षा झालेली नसावी. पण शिक्षा! खटला चालू असला तर? म्हणून पोलिसांचा दाखला हवाच, आणि तो दरवर्षी नवा.

खरी भीती बदलीची. आमचा नेहमीचा ड्रायव्हर, ज्याला काका म्हणतो, देवमाणूस. तो गावी गेला की कोण येतो, हे आम्हाला सकाळी दारात कळतं. एकदा शेजारच्या सीटवर बदली ड्रायव्हरचा मित्रही बसलेला होता. मी भावाला उतरवून घेतलं, त्या दिवशी रजा टाकली. 2007 साली पुण्याजवळ गहुंजेला काय घडलं ते पुणेकरांना आठवत असेल: कामावर निघालेल्या बीपीओतल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. तेव्हाही कंपनीच्या कॅबमध्ये चालकाचा मित्र होता.

तुमच्या संस्थेत बदली ड्रायव्हरचा दाखला आधी दाखवतात का?